पत्रावळी कोणाकडे?

तुमच्या कॉलनीच्या भरीत पार्टीत पत्रावळी कोण आणतं?

भाकरी कोणाच्या घरची होती हे तुम्हांला चटकन आठवेल. पुऱ्या कोणाच्या तेलकट होत्या आणि ठेचा कोणाचा जिभेला लागला, तेही आठवेल. मी ते विचारत नाही. पत्रावळी, द्रोण, पाण्याचे जार, जाळायला तुराट्या, मीठ. हे कोणाकडून येतं? आणि किती वर्षं त्याच घरून येतंय? उत्तर लगेच सुचलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मलाही ते चौदा वर्षं सुचलं नव्हतं, आणि पत्रावळी तर आमच्याच घरून जायच्या.

आमचं गाव तालुक्याचं, लहानसं. भुसावळहून बसनं तासाभराच्या आत. गावाच्या कडेला तीसेक घरांची आमची कॉलनी आहे. शिक्षक, एसटीतले, रेल्वेतले, दोन किराणावाले, आणि शेती गावाबाहेर पण राहणं इथं असे काही. डिसेंबरात शाळांना नाताळची सुट्टी लागते, पुण्याला नोकरीला गेलेली मुलं बायकापोरांसह येतात, आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी अख्खी कॉलनी नानांच्या शेतात जाते. नाना हे कॉलनीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर असतं, बाकी सगळीकडे ते नानाच. सकाळी पोत्यात पाय घालून शर्यत, लिंबू-चमचा, बायकांची संगीत खुर्ची, मग हौजी. दुपारी भरीत.

असोद्याकडची हिरवी-पांढरी, हातभर वांगी तुराट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजायची. गरम असतानाच सोलायची. लाकडाच्या डोणीत हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचायची. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कडकडीत तेल. सोबत भाकरी, आणि ती कळण्याची असेल तर काही मागायलाच नको. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकरी जाड होते, करडी दिसते, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. आमच्याकडे हिवाळा यालाच म्हणतात.

कोणी काय आणायचं ते यादीवर ठरतं. नाना फोनवर सांगतात, माझे पप्पा लिहून काढतात, आणि तो कागद पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चिकटवला जातो. आता कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर कागदाचा फोटो पडतो. पण कागद लागल्याशिवाय पार्टी ठरली असं कोणी मानत नाही.

पप्पा शाळेत क्लार्क होते. त्यांचं अक्षर तालुक्यात प्रसिद्ध, आणि त्याचं कारण शाळा नव्हती. कारण होतं पत्रकं. आम्ही बौद्ध. चळवळीचं जे काही व्हायचं त्याचं पत्रक पप्पा लिहायचे, आधी स्टेन्सिलवर, नंतर झेरॉक्ससाठी. माझ्या पहिलीच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं होती. आईच्या डब्यांखाली पत्रकं अंथरलेली असायची. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘बंधू-भगिनींनो’ वाचता येत होतं, आणि उद्गारचिन्ह हे वाक्याच्या शेवटी येतंच असं मी बरीच वर्षं समजत होते. डिसेंबरात तर पप्पांच्या पेनाला उसंत नसे. सहा तारखेचं महापरिनिर्वाणदिनाचं पत्रक, पंचवीस तारखेचं मनुस्मृतिदहनदिनाचं पत्रक, आणि त्याच आठवड्यात, त्याच पेनानं, भरिताची यादी.

आम्ही या कॉलनीत राहायला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. पहिल्या डिसेंबरात आम्हांला बोलावणं आलं नाही. सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले, आणि मी गच्चीवरून त्यांना टाटा केला. काही मुलांनी उलट टाटा केला. पप्पांनी ते पाहिलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच ते नानांकडे गेले आणि म्हणाले, “नाना, यादी मी लिहून देत जाईन. आधीची कोणाला वाचता येत नव्हती म्हणे.” नानांना आनंद झाला. यादी लिहिणाऱ्या माणसाला यादीबाहेर ठेवणार कसं? आम्ही आत आलो. पप्पांनी त्या दिवशी घरी पेढे आणले होते.

आणि आमच्या वाट्याला पत्रावळी आल्या.

मला त्याचा केवढा अभिमान होता! जेवायच्या आधी सगळी पोरं माझ्यामागे यायची. पत्रावळींचा गठ्ठा माझ्या ताब्यात. मी एकेकापुढे पत्रावळ टाकत जायचे, त्यावर पाणी शिंपडायचे, आणि फाटकी कोणाला द्यायची हे मी ठरवायचे. आदल्या दिवशी माझ्याशी भांडलेल्या मुलाला मी मुद्दाम भोक पडलेली द्यायचे. पार्टीतलं सगळ्यांत मोठं काम आपल्याकडे आहे असं मला वाटायचं. आई मात्र त्या दिवशी थोडी कडेला असायची. भाजलेली वांगी सोलायला बायका गोल करून बसत, तेव्हा ती म्हणायची, “मला धूर लागतो.” आणि विहिरीकडे जाऊन पाण्याचे जार भरत राहायची. घरी भरीत असलं की हीच आई धुरात बसून, चटके सोसत, उघड्या बोटांनी वांगी सोलते. हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि कळत नव्हतं.

गेल्या डिसेंबरात पप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी धूळ चालणार नाही असं सांगितलं, म्हणून मी त्यांच्या खोलीचा माळा आवरायला घेतला. पप्पा लिहिलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत ठेवतात. पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये एक पातळ फाइल निघाली. त्यात चौदा वर्षांच्या चौदा याद्या.

मी त्या फरशीवर ओळीनं मांडल्या, उगीच, गंमत म्हणून. समोरच्या काकूंनी एका वर्षी भाकरी आणल्या, एका वर्षी पुऱ्या, एका वर्षी दही, मग पुन्हा भाकरी. किराणावाल्यांनी तेल आणलं, एकदा शिराही आणला. पुण्याच्या पाहुण्यांनीसुद्धा एकदा कोशिंबीर केली होती. प्रत्येक घर फिरत होतं. आमच्या नावापुढे पत्रावळी. पत्रावळी व द्रोण. पत्रावळी, पाणी. तुराट्या, मीठ. पत्रावळी. चौदा वर्षांत आमच्या चुलीवर शिजलेला एकही पदार्थ त्या शेतात गेला नव्हता. आणि चौदाही याद्या माझ्या बापाच्या सुंदर अक्षरात होत्या.

पप्पा दारात उभे होते. मी विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय?”

“अक्षर माझंच आहे.”

“आणि तुम्हांला दिसलं नाही?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पहिल्याच वर्षी दिसलं.”

“मग?”

“पहिल्या वर्षी वाटलं, आत तर आलो. दुसऱ्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी बोलू.” त्यांनी वाकून एका यादीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “नंतर मी त्या ओळीकडे न बघता लिहायला लागलो.”

मी त्यांना खूप बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं खरं होतं आणि उरलेलं अर्धं मला कुठलीही यादी लिहावी लागली नव्हती म्हणून सुचलेलं होतं. मग मी मला येतं ते केलं. दुपारभर बसून एक पत्रक लिहिलं. मथळा: ‘आमच्या भाकरीला काय काटे आहेत?’ खाली चौदा वर्षांचा तक्ता. पार्टीत, जेवणाच्या आधी, पत्रावळींबरोबर प्रत्येकापुढे एक एक टाकायचं असा बेत होता. मी ते आईला वाचून दाखवलं.

आई मेथी निवडत होती. तिचं माहेर धुळ्याकडचं. राग आला किंवा फार मनापासून काही सांगायचं असलं की ती अहिराणीत बोलते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुनं पत्रक कोन खाई?”

“खायचं नाहीये, वाचायचंय.”

“वाचतीन, आनि त्यावर बसतीन. गवत टोचस ना.”

“मग तू भाकरी कर. आपण भाकरीच नेऊ.”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “टोपली भरेल परत उनी ते कोन उचली?”

मी ती जुडी पुढ्यात ओढून निवडायला घेतली.

“तू ते लिखशी,” ती म्हणाली. “उचलीसन मी लयसू.”

तिचं म्हणणं असं होतं: भरलेली टोपली तशीच परत आली, तर मला एक लेख मिळेल. तिला ती टोपली त्याच लोकांच्या डोळ्यांदेखत, त्याच ट्रॉलीत, मांडीवर घेऊन घरी यावं लागेल. चौदा वर्षं तिनं “धूर लागतो” म्हणून जी गोष्ट सिद्ध होऊ दिली नव्हती, ती मी एका दुपारी सिद्ध करायला निघाले होते. मी पत्रक घडी करून ठेवून दिलं. भाकरीचा विषयही दोन दिवस काढला नाही.

तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. पप्पांचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं आणि डोळ्यावर हिरवं फडकं होतं, म्हणून लिहायला मी बसले आणि त्यांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. माझं अक्षर पप्पांच्याच वळणाचं आहे. आई ओट्याशी होती.

“लिही बेटा,” नाना म्हणाले. “वांगी माझ्याकडं. तेल, शेंगदाणे किराणावाले. पुऱ्या कोपऱ्यावरच्या दोन्ही घरी. भाकरी लिही समोरच्या काकू आणि त्यांच्या ओळीतली चार घरं. दही मास्तरांकडं. आणि तुमच्याकडं नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे काय, नाना?”

“अगं ते आपलं... पप्पांना ठाऊक आहे.”

“ते फडकं बांधून बसलेत. तुम्हीच सांगा.”

“पत्रावळी गं.” नाना हसले. “एवढी शिकली आणि नेहमीचं कळत नाही.”

“यंदा आमच्याकडं भाकरी लिहू का?”

पलीकडे टीव्ही चालू होता. बातम्यांतली बाई बरंच काही बोलून गेली तेव्हा नाना म्हणाले, “भाकरीला घरं पुरेशी आहेत बेटा. कशाला तुझ्या आईला त्रास?”

ओट्याकडून आवाज आला. “मले काय तरास?”

मी मान वर केली. आईनं पिठाचा हात वर करून मला चार बोटं दाखवली. चाळीस.

“नाना,” मी म्हणाले, “आईला काही त्रास नाही. चाळीस करते म्हणतेय, कळण्याच्या. समोरच्या काकूंचा गुडघा दुखतो, त्यांना पत्रावळी देऊ. दुकानातून आणायच्या, बसून थापायचं काही नाही.”

“बघ बाई. पप्पांशी बोल एकदा.”

पप्पा खाटेवरून म्हणाले, “नाना, पोरीनं लिहिलं म्हणजे मीच लिहिलं.”

फोन बंद झाला. नाना ‘हो’ म्हणाले नव्हते. ‘नाही’ही म्हणाले नव्हते. मी लिहिलं. संध्याकाळच्या आत कागद टाकीवर लागला आणि ग्रुपवर फोटो पडला. अंगठे आले, हात जोडलेले आले, वांग्याचं चित्र आलं. आमच्या ओळीबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

आईनं मला अटी घातल्या. पत्रक न्यायचं नाही. भाषण करायचं नाही. कोणी घेतली नाही तर तोंड वाकडं करायचं नाही. आणि एक शेवटची अट, जी मला आजही तिच्या सगळ्या अटींत मोठी वाटते. मी सुचवलं होतं की आपल्या भाकरी इतरांच्या टोपल्यांत मिसळून टाकू, म्हणजे कोणाला कळणारच नाही. ती एवढी भडकली की पोळपाट आपटला. “मन्या भाकरी मन्याच दिसाले पाहिजेत. कोनामा मिसळानं नही.”

रविवारी पहाटे तिनं चाळीस भाकरी थापल्या. मी दोन थापल्या, दोन्ही कडेनं चिरल्या, त्या आम्ही घरीच खाल्ल्या. टोपलीत धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं, वरून झाकलं, आणि ट्रॉलीत ती टोपली आईनं मांडीवर धरली. तीन किलोमीटर तिचे दोन्ही हात टोपलीवर होते.

शेतात नेहमीसारखं सगळं झालं. पोत्याच्या शर्यतीत पप्पा हिरवं फडकं लावून पंच झाले, आणि एका डोळ्यानं निकाल दिला म्हणून पोरांनी त्यांना भंडावून सोडलं. संगीत खुर्चीत पुण्याची सून आणि किराणावाली एकाच खुर्चीवर बसल्या आणि दोघीही उठेनात. मग तुराट्या पेटल्या, वांगी काळी पडली, बायका सोलायला गोल करून बसल्या. आई विहिरीकडे गेली नाही. ती सरळ जाऊन नानांच्या बायकोशेजारी, अक्कांशेजारी बसली. पलीकडची एक बाई तेवढ्यात बाळाला बघायला उठली आणि नंतर दुसरीकडे बसली. बाळ त्याच्या आजीच्या मांडीवर झोपलेलं होतं.

अक्का वाटीत पाणी घेऊन, बोटं बुडवत बुडवत सोलत होत्या. आईचे हात पाहून म्हणाल्या, “व माय, भाजतील ना हात.”

“चुलीवरच वाढलेत अक्का ते.”

भरीत ठेचून झालं. वास असा सुटला की पोरं आपोआप रांगेत बसली. आणि नाना ओरडले, “पत्रावळी टाका!”

कोणीच हललं नाही. मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं.

“काकूंकडं आहेत,” मी म्हणाले.

समोरच्या काकू चक्रावल्या. “माझ्याकडं? अगं मी वाचलं की! पण म्हटलं पप्पांचा डोळा बांधलेला, ओळ वरखाली झाली असेल. पत्रावळी तर तुमच्याकडंच असतात ना? मी आपल्या भाकरी आणल्या.”

काकू खोटं बोलत नव्हत्या. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते चुकीचं ठरवून टाकलं होतं, कारण बरोबर काय ते त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनीच नव्हे, तिसाच्या तीस घरांनी तो कागद वाचला होता आणि एकानंही पत्रावळी आल्या का म्हणून विचारलं नव्हतं. त्या येतातच. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा पत्रावळी आल्या नाहीत, आणि पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की त्या कुठून तरी येत होत्या.

नानांनी दोन पुतण्यांना मोटरसायकलवर कालव्यापलीकडच्या केळीच्या बागेत पिटाळलं, पानं कापून आणायला. भरीत निवू लागलं. पोरं रडकुंडीला आली. बाकीच्या टोपल्यांवरची फडकी निघाली: पुऱ्या, आणि चार चार तुकडे केलेल्या भाकरी. पंगतीसाठी भाकरी चतकोर करून आणायची, ही इथली रीत. आईनं आपलं धोतर बाजूला केलं. आत चाळीस अख्ख्या भाकरी, एकावर एक, मोटारीच्या चाकाच्या झाकणासारख्या.

“बाई, तुकडे नाही केले?” कोणीतरी हसून विचारलं.

“कोणी सांगितलं नाही,” आई म्हणाली.

चौदा वर्षं भाकरी आणायला न सांगितलेल्या बाईला चतकोराची रीत कोण सांगणार? पण तुकड्यावर भरीत घेता येत नाही. अख्ख्या भाकरीवर येतं. आईनं एक भाकरी तळहातावर घेतली, डोणीतून मोठी पळीभर भरीत तिच्यावर घातलं, आणि माझ्या हातात दिली. मग दुसरी घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, “वावरमा कोनले ताट लागस?”

वावर म्हणजे शेत. शेतात ताट कोणाला लागतं? तिथं बसलेल्या प्रत्येकाचा आजा वावरात भाकरीवरच कालवण घेऊन जेवलेला होता.

आधी पोरं आली. पोरांना काय, भूक लागलेली. एका बाईनं आपल्या मुलाला हाक मारली, “थांब रे, पान येऊ दे,” पण त्यानं तोवर घास घेतला होता. मग पुण्याची सून आली, मग मास्तर. मग बराच वेळ कोणी आलं नाही. आई टोपलीशी पळी घेऊन उभी. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तोंड वाकडं करायचं नाही, हे मी मनात घोकत होते.

तेवढ्यात अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू आल्या, भाकरी घेतली, भरीत घेतलं, तिथंच मातीत बसकण मारून एक घास खाल्ला. चावला. पुन्हा चावला.

“मीठ कमी टाकलं व बाई.”

आईनं ताडकन उत्तर दिलं, “मीठ बरोबर शे. वांगं पानचट शे तुमनं.”

“नानांची वांगी पानचट?” अक्कांनी मान वळवली. “ऐकलं का हो? तुमची वांगी पानचट आहेत म्हणे!”

लोक हसले. आईही हसली. मी तिला त्या शेतात हसताना तोवर पाहिलं नव्हतं. तिच्या भाकरीला कोणी चांगलं म्हटलं म्हणून ती हसली नाही. नावं ठेवायला आधी खावी लागते.

त्यानंतर बरेच जण आले. सगळे आले नाहीत. खानदेशात जन्मून, उडदाच्या डाळीवर वाढून, त्या दुपारी कितीतरी जणांना एकाएकी उडीद चालेनासा झाला. एकाला गॅस होत होता. एकीचा उपवास होता, पण ती पुरी खात होती. नाना म्हणाले, “मला डॉक्टरांनी उडीद बंद केलाय.”

अक्का तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाल्या, “काल रात्री दोन वाट्या उडदाची डाळ ओरपली ती कोणी?”

पुन्हा हसू झालं. नाना हसले नाहीत. त्यांनी भाकरीही घेतली नाही. केळीची पानं आली तेव्हा ते पानावर जेवले, काकूंच्या चतकोर भाकरीशी. मी हे लिहिते आहे, कारण सगळं गोड झालं असं सांगून तुमची सुटका करायची माझी इच्छा नाही.

परतताना टोपली आईच्या मांडीवर होती. मी धोतर उचलून मोजल्या. अकरा. एकोणतीस गेल्या होत्या, पण माझे डोळे त्या अकरांवरून हलेनात. आईनं धोतर माझ्या हातातून घेऊन पुन्हा झाकलं.

“अकरा उरन्यात,” मी तिच्याच भाषेत म्हणाले.

“हा,” ती म्हणाली. “पुढला साल पन्नास करसू.”

आता पुन्हा डिसेंबर आलाय. पप्पांचा डोळा बरा आहे. यादी त्यांनाच लिहायची आहे. परवा त्यांनी मला बोलावलं, टेबलावर कोरा कागद ठेवला, आणि यंदा नानांच्या फोनची वाट न बघता पहिली ओळ स्वतःच लिहिली. ‘नाना: पत्रावळी.’ दुसरी ओळ आमची होती: ‘कळण्याची भाकरी, पन्नास (अख्ख्या).’ तिसऱ्या ओळीपासून त्यांनी जागा मोकळी सोडली आणि कागद घेऊन ते घरोघर निघालेत. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, गेल्या वर्षीचं सोडून. काल मास्तरांनी तुराट्या लिहिल्या. समोरच्या काकूंनी “बघते” म्हणून कागद एक दिवस ठेवून घेतलाय. तो परत आला की पप्पा नानांच्या घरी जाणार आहेत. आई म्हणाली, तीही जाईल.

तिथं काय होईल ते मला माहीत नाही. पण तुमच्याकडेही यादी असेलच. सहलीची असेल, मंडळाच्या जेवणाची, शाळेच्या स्नेहभोजनाची, सोसायटीच्या कोजागरीची. कागदावर नसेल तर कोणाच्या तरी डोक्यात असेल आणि तिथं तिला ‘नेहमीचं’ म्हणत असतील. माझं एकच मागणं आहे, आणि ते या सुट्टीतच पुरं करा, पुढच्या नको. ती यादी काढा. पत्रावळी कोणाच्या नावापुढे आहेत ते बघा. ते नाव खोडा आणि तिथं आपलं लिहा. मग त्या घरी स्वतः जा, दार वाजवा, आणि म्हणा: यंदा भाकरी तुमच्याकडची. आणि हो, चतकोर करायच्या की अख्ख्या, तेही सांगा.